एक, दोन, तीन आणि चारला थांबा

सालसाच्या जाहिरातीत जे दिसते ते सालसाच्या वर्गात पहिले काही महिने दिसत नाही. जाहिरातीत चमचमता पोशाख असतो, हवेत उचललेली नर्तिका असते, एकापाठोपाठ एक गिरक्या असतात. वर्गात असतात ऑफिसची बॅग कोपऱ्यात टाकून आलेली माणसे, स्वतःच्या पायांकडे टक लावून पाहणारी आणि ओठांतल्या ओठांत ‘वन-टू-थ्री, फाइव्ह-सिक्स-सेव्हन’ पुटपुटणारी. मुंबईत वांद्र्यापासून अंधेरीपर्यंत आणि पुण्यात कोरेगाव पार्क, कल्याणीनगर, बाणेर या भागांत असे वर्ग रोज संध्याकाळी भरतात. तिथे येणाऱ्या बहुतेकांना आधी कुठलाच नाच येत नसतो. त्याने फारसे बिघडत नाही. बिघडते ते वर्गाची निवड चुकल्याने.

निवड चुकते, कारण सालसा म्हणजे बसवलेला नाच, अशी समजूत घेऊनच बरेच जण येतात. टीव्हीवरच्या स्पर्धांनी ती पक्की केली आहे. त्यात दिसणाऱ्या उड्या आणि उचल-फेक ही कसरतीची कला आहे आणि ती आपल्या जागी थोरही आहे. मुळात मात्र हा अनोळखी माणसाबरोबर, आधी न ऐकलेल्या गाण्यावर, काहीही न ठरवता नाचण्याचा प्रकार आहे. चार-पाच मिनिटांचे गाणे संपले की धन्यवाद म्हणायचे आणि दुसऱ्या जोडीदाराकडे वळायचे. या नाचाला मंडळी ‘सोशल’ म्हणतात, आणि जिथे तो चालतो त्या संध्याकाळलाही सोशलच म्हणतात. नवख्याने वर्ग शोधताना एकच गोष्ट धरून ठेवावी: हा वर्ग मला सोशलला उभे राहायला शिकवणार आहे, की वार्षिक कार्यक्रमात तिसऱ्या रांगेत उभे करणार आहे?

हा भेद सालसाच्या जन्मापासूनचा आहे. या संगीताचे मूळ क्युबातल्या ‘सोन’ या संगीतप्रकारात आहे. त्यात पोर्तो रिकोची भर पडली, पण नाव आणि आजचा बाज मिळाला तो न्यूयॉर्कमध्ये. तिथल्या ब्रॉडवेवरच्या पलेडियम बॉलरूममध्ये माचितो, तितो पुएन्ते आणि तितो रॉद्रिगेझ यांचे वाद्यवृंद वाजत आणि लोक रात्रभर मांबो, म्हणजे सालसाचा पूर्वज असलेला नाच, नाचत. पलेडियम १९६६मध्ये बंद झाले. त्याआधी दोन वर्षे, १९६४मध्ये, डॉमिनिकन वादक जॉनी पाचेको आणि वकील जेरी मासुची यांनी फानिया ही रेकॉर्ड कंपनी काढली होती. २६ ऑगस्ट १९७१ रोजी चीता या क्लबमध्ये फानियाच्या कलाकारांनी एकत्र येऊन जी मैफल केली तिचे चित्रीकरण पुढे चित्रपटातून जगभर पोचले, आणि ‘सालसा’ हा शब्दही. हा सगळा काळ नाचणारे लोक जमिनीवर होते आणि व्यासपीठावर होते ते वादक.

हे लोक नाच शिकत घरात, लग्नात, मोठ्या भावंडांचे पाहून. मोजणी वगैरे काही नव्हती. ती आणली एडी टोरेस यांनी. तितो पुएन्तेंच्या वाद्यवृंदाबरोबर नाचणाऱ्या या माणसाला नाच उत्तम येत होता, पण तो दुसऱ्याला समजावून कसा सांगायचा हा प्रश्न होता. जून लाबर्टा या बॉलरूम शिक्षिकेने त्यांना ताल मोजायला, पदन्यासांना नावे द्यायला आणि क्रम लावायला भाग पाडले. आज अंधेरीतल्या एखाद्या हॉलमध्ये शिक्षक ‘फाइव्ह-सिक्स-सेव्हन’ ओरडतो तेव्हा तो त्याच परंपरेतला असतो. उत्तम नाचणारा आणि उत्तम शिकवणारा ही दोन वेगळी माणसे असू शकतात, हेही या उदाहरणावरून ध्यानात घ्यावे. शिक्षकाने जिंकलेले चषक पाहण्यापेक्षा, त्याचे सहा महिन्यांपूर्वीचे विद्यार्थी आज कसे नाचतात ते पाहावे.

त्यासाठी पैसे भरण्याआधी एकदा नुसते जाऊन बसावे. बहुतेक वर्ग ट्रायल क्लास देतात. पण ट्रायलला सगळेच गोड बोलतात, म्हणून बिगिनर बॅच संपल्यावर होणारा सराव पाहिलेला बरा. तिथे लोक एकमेकांना विचारून नाचतात की आपापल्या ठरलेल्या जोडीलाच चिकटून असतात? शिक्षक नवख्यांबरोबर नाचतो की आपल्या ग्रुपच्या मुलामुलींबरोबर कोपऱ्यात व्हिडिओ काढत असतो? एवढ्यावरून निम्मे कळते.

उरलेले निम्मे विचारून कळते. वर्गात जोडीदारांचे रोटेशन होते का, हा पहिला प्रश्न. दर काही मिनिटांनी जोडीदार बदलत असेल तर वर्ग चांगला, कारण एकाच माणसाबरोबर शिकणारा त्या माणसाच्या चुका धरून शिकतो. ती सवय पुढे मोडता मोडत नाही. दुसरा प्रश्न: बॅच एका तारखेला सुरू होते की कधीही कोणीही येऊ शकते? मुंबईत जागेचे भाडे परवडावे म्हणून अनेक ठिकाणी दुसरा प्रकार असतो. मग दर आठवड्याला नवे कोणी येते, दर आठवड्याला बेसिकपासून सुरुवात होते आणि जुन्यांचा जीव विटतो. तिसरा प्रश्न थोडा आडवळणाचा आहे. जोडीत चाल सुचवणारा तो लीड आणि ती ओळखून साथ देणारा तो फॉलो; फॉलो करणाऱ्यांना वेगळे काय शिकवता, असे विचारावे. ‘त्यांनी फक्त लीडच्या मागे जायचे’ असे उत्तर मिळाले तर दुसरा वर्ग बघावा. फॉलो करणे ही वजन, तोल आणि प्रतिसाद यांची स्वतंत्र विद्या आहे आणि ती शिकवावी लागते.

वार्षिक कार्यक्रमाबद्दलही सुरुवातीलाच विचारून ठेवावे. कार्यक्रम वाईट नसतो. कित्येकांना त्याचीच हौस असते. पण पोशाखाचे, तालमीचे आणि सभागृहाचे पैसे वेगळे पडतात, आणि त्या दोन-तीन महिन्यांत बाकी शिकणे थांबते. एकच गाणे, एकच जोडीदार, एकच क्रम. टाळ्या मिळवून खाली उतरलेला विद्यार्थी पुढच्या रविवारी सोशलला जातो आणि समोरची मुलगी आपल्या क्रमात नसल्याने गोंधळून उभा राहतो.

फीची तुलना महिन्यावर करू नये, तासावर करावी. समजा, एका ठिकाणी महिन्याला ४,००० रुपये आणि आठ वर्ग, दुसरीकडे ३,००० रुपये आणि चार वर्ग. वर्ग एकेक तासाचे धरले तर पहिला तासाला ५०० पडतो, दुसरा ७५०, म्हणजे स्वस्त वाटणाराच महाग. त्यात जाण्यायेण्याचा वेळ आणि खर्च धरावा. डोंबिवलीहून वांद्र्याला आठवड्यातून दोनदा जाणे पहिल्या महिन्यात जमते, तिसऱ्या महिन्यात जमत नाही. घराच्या किंवा ऑफिसच्या वाटेवरचा मध्यम दर्जाचा वर्ग, शहराच्या दुसऱ्या टोकाच्या उत्तम वर्गापेक्षा पुष्कळदा कामाचा ठरतो, कारण तिथे माणूस जातो. वर्षाची फी एकदम भरल्यास सवलत, असे आमिष असतेच. पहिले तीन महिने तरी त्याला बळी पडू नये, आणि पावतीवर परताव्याबद्दल काय छापले आहे ते वाचावे.

शैलींच्या नावांनी नवखा उगाच बावरतो. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी सुरुवात ‘ऑन वन’ने होते, म्हणजे दिशा बदलणारे पाऊल पहिल्या मात्रेवर पडते. लॉस एंजेलिसमध्ये १९९०च्या दशकात वाझ्केझ बंधूंच्या नाचामुळे ही झगमगीत, सरळ रेषेतली शैली गाजली. न्यूयॉर्कची ‘ऑन टू’ दुसऱ्या मात्रेवर वळते. तिला शिस्तीत आणले ते वर आलेल्या एडी टोरेस यांनीच. क्युबन प्रकाराला ‘कॅसिनो’ म्हणतात. त्यात जोडी रेषेत न राहता एकमेकांभोवती फिरते, आणि ‘रुएदा’मध्ये तर सगळ्या जोड्या वर्तुळ करतात, एकजण आज्ञा देतो आणि सगळे एकदम जोडीदार बदलतात. कोलंबियातले काली शहर स्वतःला सालसाची राजधानी म्हणवते. तिथल्या पायांचा वेग पाहून थक्क व्हावे आणि व्हिडिओ बंद करावा. तो नवख्याच्या कामाचा नाही. जवळच्या वर्गात जी शैली असेल ती घ्यावी आणि पहिले सहा महिने तीच धरावी. दोन शैली एकदम शिकणाऱ्याच्या पायांना दोन्ही येत नाहीत.

बहुतेक ठिकाणी सालसाबरोबर बचाटाही शिकवतात. हा डॉमिनिकन रिपब्लिकचा नाच. त्यात तीन पावले आणि चौथ्या मात्रेला नुसती टाच उचलून टेकवणे किंवा कंबरेचा हलका झटका, एवढेच मूळ. संगीत संथ असते, त्यामुळे आत्मविश्वास लवकर येतो. मात्र त्यात अंतर कमी असते, म्हणून अनोळखी माणसाच्या जवळ उभे राहण्याची सवय नसलेल्याने आधी सालसा घेतलेला बरा.

आता प्रत्यक्ष नाचाकडे. सालसाचे बेसिक आठ मात्रांचे असते, त्यात पावले सहा. पहिल्या मात्रेला लीड डावा पाय पुढे टाकतो, दुसरीला वजन उजव्यावर परत आणतो, तिसरीला डावा मूळ जागी. चौथीला काही नाही. पाचवीला उजवा मागे, सहावीला वजन डाव्यावर, सातवीला उजवा जागेवर. आठवीला पुन्हा काही नाही. फॉलो करणारीचे नेमके आरशातल्यासारखे, पहिल्या मात्रेला उजवा पाय मागे. सगळा सालसा यावर उभा आहे आणि हे अर्ध्या तासात समजते. पाठ व्हायला महिना लागतो, कारण चौथ्या आणि आठव्या मात्रेला पाय थांबत नाही. लहानपणापासून लेझीम, गरबा, वरात यांत प्रत्येक ठोक्याला पाऊल टाकलेल्या शरीराला रिकामी मात्रा सोसत नाही.

आणखी एक अडचण कानाची आहे, आणि तिच्याविषयी वर्गात क्वचितच बोलले जाते. आठ मात्रा आपल्याला परक्या नाहीत; केहरवा आठांचाच. पण आपल्या कानाला समेची सवय आहे, आणि सम आली की ठेका ती ठसठशीत दाखवतो. सालसातला बास नेमका पहिली मात्रा टाळतो. तो आधीच्या मात्रेवरच येऊन बसतो आणि पहिलीवरून स्वर तसाच ओढून नेतो. साहजिकच ‘वन कुठे आहे?’ हा नवख्याचा सनातन प्रश्न. त्यावर एक उपाय आहे: कोंगा, म्हणजे हाताने वाजवायचा उंच ढोल, ऐकावा. साध्या ठेक्यात चौथ्या आणि आठव्या मात्रेपासून दोन खुले, गोल आघात लागोपाठ पडतात. त्यांच्या मागोमाग येते ती पहिली किंवा पाचवी. कोंगाची कोरडी थाप ऐकू येते ती दुसऱ्या आणि सहाव्या मात्रेवर. एवढे कान पकडायला शिकला की शिक्षकाच्या मोजणीची गरज उरत नाही.

हे काम वर्गाबाहेर, प्रवासात, हेडफोन लावून करायचे आहे. सालसाची गाणी मिनिटाला साधारण दीडशे ते अडीचशे मात्रांच्या गतीने धावतात. नवख्याने संथ बाजूने सुरुवात करावी. हवानात ध्वनिमुद्रित झालेला आणि १९९७मध्ये आलेला ‘बुएना विस्टा सोशल क्लब’ हा आल्बम सोनच्या संथ, स्वच्छ ठेक्यासाठी अप्रतिम आहे. मार्क अँथनीचे ‘विविर मी विदा’ हे २०१३चे गाणे जवळजवळ प्रत्येक बिगिनर वर्गात वाजते. ते अल्जेरियन गायक खालिदच्या गाण्याचे स्पॅनिश रूप आहे. हा खालिद म्हणजे ज्याच्या ‘दीदी’ने नव्वदीत भारतातल्याही पार्ट्या गाजवल्या तोच. पुढे कान तयार झाला की विली कोलोन आणि रुबेन ब्लेड्स यांचा १९७८चा ‘सिएम्ब्रा’ हा आल्बम ऐकावा. आधी नाचायला नको, नुसता ऐकावा.

तसा मराठी कान लॅटिन ठेक्याला अगदीच कोरा नाही. पुणतांब्यात जन्मलेल्या संगीतकार सी. रामचंद्रांनी १९५०च्या ‘समाधी’ चित्रपटात ‘गोरे गोरे’ हे गाणे केले ते १९४५मध्ये हॉलिवूडच्या चित्रपटातून आलेल्या पोर्तो रिकोविषयीच्या एका लॅटिन ढंगाच्या गाण्यावरून. पुढच्याच वर्षीच्या ‘अलबेला’त त्यांच्या साथीला गोव्याचा ट्रंपेटवादक चिक चॉकलेट होता. त्याच चित्रपटातल्या भगवानदादांना सालसा शिकणाऱ्याने एकदा नीट पाहावे. पाय जेमतेम वीतभर हलतात आणि सगळा माणूस नाचताना दिसतो.

नवख्याचे नेमके उलटे होते. तो ढांगा टाकतो. मोठे पाऊल टाकले की वेग पकडायला पळावे लागते, तोल जातो आणि जोडीदाराचा हात ओढला जातो. पाऊल आपल्या तळव्याच्या लांबीपेक्षा मोठे नसावे, आणि ते आवाज न करता, चवड्यावर उतरावे. कथक शिकलेल्यांना मोजणी चटकन येते, पण त्यांचा पाय वाजतो. त्यांना हे मुद्दाम सांगावे लागते. कंबर हलवायची नसते. एक गुडघा वाकला आणि दुसरा सरळ झाला की ती आपोआप हलते. जे मुद्दाम हलवतात त्यांची पाठ दुसऱ्या दिवशी धरते.

हातांचा प्रश्न पायांहून नाजूक. लीडने ढकलायचे नसते आणि फॉलोने अंदाज बांधायचा नसतो. दोघांच्या हातात हलका, जिवंत ताण हवा: लोंबकळणारा हात काही सांगत नाही, आणि ताठ हात काही ऐकत नाही. गिरकी पाचव्या मात्रेला हवी असेल तर इशारा तिसऱ्यालाच सुरू व्हायला हवा. पहिले दोन-तीन महिने लीडला जास्त कठीण जातात, कारण ताल, पाय, पुढची चाल आणि समोरच्या माणसाची सुरक्षितता हे सगळे एकदम डोक्यात ठेवायचे असते. फॉलो करणाऱ्यांना सुरुवात सोपी वाटते आणि पुढे, वेग वाढल्यावर, तोलाची परीक्षा होते. या दोन भूमिका पुरुष आणि बाई अशाच वाटल्या पाहिजेत असे नाही. मुली लीड शिकतात, मुलगे फॉलो शिकतात, आणि दोन्ही शिकलेला माणूस दोन्हींत अधिक चांगला होतो.

जोडीदाराचा हात कुठे असावा, हे पहिल्याच वर्गात शिक्षकाने स्पष्ट सांगितले पाहिजे. लीडचा उजवा हात फॉलोच्या खांद्याच्या हाडावर, पाठीच्या वरच्या भागात असतो, कंबरेवर नाही. हे तंत्र आहे, नुसती सभ्यता नव्हे. तिथूनच इशारा नीट पोचतो. शिक्षक एखादी चाल दाखवण्यासाठी कोणाला पुढे बोलावतो तेव्हा विचारतो का? वर्गाचे व्हिडिओ इन्स्टाग्रामवर टाकण्याआधी परवानगी घेतो का? कोणाविषयी तक्रार झाली तर काय करतो? ज्या वर्गात या प्रश्नांवर हसले जाते तिथे फी भरू नये. कोणाच्या स्पर्शाने अवघडल्यासारखे झाले तर गाणे अर्ध्यावर सोडून ‘धन्यवाद’ म्हणून बाजूला होता येते. कारण द्यावे लागत नाही.

नवरा-बायको किंवा मित्र-मैत्रीण म्हणून आलेल्या जोड्या बऱ्याचदा रोटेशनमधून सवलत मागतात, आणि महिन्याभरात त्यांचेच भांडण जास्त होते. ‘तू मला फिरवतच नाहीस’, ‘तू ऐकतच नाहीस’. इतरांबरोबर नाचून आलेल्याला आपली चूक कुठली आणि समोरच्याची कुठली ते कळते. शेवटचे गाणे एकमेकांबरोबर, एवढा करार पुरतो.

आता बूट. पहिल्या दिवशी खास बूट विकत घ्यायची गरज नाही, पण रबरी तळाचे धावण्याचे बूट घालून जाऊ नये. ते जमीन घट्ट धरतात. पाय जागीच राहतो, अंग वळते आणि पीळ गुडघ्याला बसतो. गुळगुळीत तळाचा, मागून बंद असलेला कोणताही बूट चालतो. कोल्हापुरी आणि चपला टाळाव्यात, त्या गिरकीत निसटतात. पुढे नाचाचे बूट घेतले तर त्यांना स्वेडचा तळ असतो. तो ओला झाला की संपला, म्हणून पावसाळ्यात बूट पिशवीतून न्यावेत आणि हॉलमध्ये गेल्यावर बदलावेत. तळ गुळगुळीत झाला की तारेच्या ब्रशने घासावा. जुन्या बुटाला मोच्याकडून पातळ चामड्याचा तळ लावून घेणे हा स्वस्त आणि पुरेसा उपाय आहे. उंच टाचांची घाई मुलींनी करू नये. तोल चवड्यावर आला की मग दोन इंचांपासून सुरुवात. जमीन घसरडी व्हावी म्हणून काही लोक पावडर टाकतात. स्वतःपुरती सोय आणि शेजारच्याच्या पायाचा मोड!

मुंबईच्या हवेत तासाभरात शर्ट भिजतो. जास्तीचा टी-शर्ट, लहान टॉवेल, पाण्याची बाटली आणि तोंडाला वास येऊ नये म्हणून काहीतरी, एवढे बॅगेत असावे. लांब मंगळसूत्र किंवा साखळी कपड्याच्या आत घालावी, बांगड्या, कडे, घड्याळ आणि टोकदार अंगठ्या काढून ठेवाव्यात. लांब वेणी गिरकीत चाबकासारखी लागते, ती वर बांधावी.

शरीराला किती फायदा होतो, याच्या जाहिराती सांभाळून वाचाव्यात. २००३मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या, पंचाहत्तरी ओलांडलेल्या ४६९ लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात नियमित नाचणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी दिसले होते. ब्राँक्स हा सालसाचा बालेकिल्ला, हे खरे. पण तो अभ्यास सालसाचा नव्हता, आणि नाचल्यामुळे आजार टळला की निरोगी होते म्हणून ते नाचत होते, हे अशा निरीक्षणातून ठरत नाही. दम लागतो, घाम येतो, तोल सुधारतो, एवढे नक्की. गुडघ्याचे किंवा घोट्याचे जुने दुखणे असेल तर ते पहिल्याच दिवशी शिक्षकाला सांगावे आणि गिरक्या काही काळ बाजूला ठेवाव्यात. पाठ वाकवून झुलवणाऱ्या चाली तर वर्षभर नाही शिकल्या तरी चालते.

घरचा सराव रोज दहा मिनिटे पुरे. स्वयंपाकघराच्या ओट्यासमोर, कुकरची शिट्टी होईपर्यंत बेसिक करावे. व्हिडिओंतून नव्या चाली गोळा करण्याचा मोह पहिल्या तीन महिन्यांत आवरावा. बेसिक, उजवी गिरकी, क्रॉस बॉडी लीड (जोडीदाराला आपल्यासमोरून पलीकडे नेण्याची चाल) आणि परत बेसिक: तालात केलेल्या एवढ्या चालींनी अख्खे गाणे छान जाते. चुकलेल्या तालात केलेल्या वीस चालींनी समोरच्या माणसाचा खांदा दुखतो. अनुभवी फॉलो करणाऱ्या स्त्रिया कोणाला पुन्हा होकार देतात हे पाहिले तर ते लक्षात येईल. त्या जास्त चाली येणाऱ्याला नव्हे, हात मऊ आणि ताल पक्का असणाऱ्याला देतात.

दोन-तीन महिने झाले की पहिल्या सोशलला जावे. वर्ग पुरा होण्याची वाट पाहू नये, तो कधीच पुरा होत नाही. सोशल साधारण एखाद्या रेस्तराँमध्ये किंवा पबमध्ये आठवड्याच्या मधल्या वारी किंवा रविवारी भरते. प्रवेशशुल्कात काय मिळते ते आधी विचारून घ्यावे. दारू पिणे बंधनकारक नसते, आणि जे खरेच नाचायला येतात ते बहुतेक पाणीच पितात. तिथे ‘नाचायचं का?’ असे कोणीही कोणालाही विचारावे. नकार आला तर तो त्या गाण्यापुरता असतो. नाचाच्या मध्यात समोरच्याला शिकवायला लागू नये, मग ती व्यक्ती नवखी असली तरी. गर्दीत मोठी पावले, उंच कोपर आणि झुलवणे टाळावे. धक्का लागला तर चूक कोणाची ते न पाहता हात वर करून माफी मागावी. आपण नवखे आहोत हे आधीच सांगून टाकले तर समोरची व्यक्ती बहुधा सावकाश नाचते.

काँग्रेस नावाचे मोठे सालसा मेळावे भारतातही होतात. परदेशी शिक्षक, दिवसभर वर्कशॉप, रात्री सोशल. या मेळाव्यांची परंपरा १९९७च्या पोर्तो रिकोच्या काँग्रेसपासून चालत आली आहे. पहिल्या वर्षी त्याचा पास काढू नये. तीन दिवसांत वीस शिक्षकांकडून ऐकलेले काहीही अंगात उतरत नाही, आणि तेवढ्या पैशांत जवळच्या वर्गाचे दोन-तीन महिने निघतात.

सोशलला जाताना बायकांनी, आणि खरे तर कोणीही, परत येण्याचा मार्ग आधी ठरवून निघावे. मुंबईत मध्यरात्रीनंतर लोकल विरळ होतात, पुण्यात तर रिक्षाच्या किंवा कॅबच्या भरवशावर राहावे लागते. एकाच दिशेने जाणाऱ्या दोघी-तिघींची ओळख वर्गातच करून घेतली तर सोपे पडते. पण नवख्याला उशिरापर्यंत थांबायची फारशी गरजही नसते. बऱ्याच सोशलच्या सुरुवातीला तास-दीड तास छोटा बिगिनर वर्ग असतो, त्यानंतर जमीन मोकळी असते आणि गाणी संथ असतात. डीजे वेगवान गाणी रात्र चढल्यावर काढतो. तोवर नवखा विरारच्या गाडीत बसलेला असला तरी त्याचे काही चुकत नाही.